बँकॉकमध्ये एका दिवसाचा थांबा: नदीकाठच्या हॉटेलात निवांत राहायचं तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

ऑस्ट्रेलिया, जपान, बाली किंवा व्हिएतनामला जाताना बँकॉकला १५ ते २६ तासांचा थांबा पडतो. चाओ फ्राया नदीकाठी एखादं बरं हॉटेल घेतलं जातं, तिथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे मात्र सकाळी राजवाडा, दुपारी मॉल, संध्याकाळी जेवणाची क्रूझ असा बेत ठरतो. नदी टॅक्सीच्या काचेतून दिसते, खोली फक्त बॅग ठेवायला वापरली जाते आणि पुढच्या विमानात माणूस आधीपेक्षा जास्त दमून बसतो.

थांबा निवांत जायचा असेल तर दिवसात नदीवर एकच फेरी ठेवा आणि बाकी वेळ हॉटेलात घालवा. एवढं पाळायचं ठरवलं तरी गोष्टींचा क्रम चुकला की दिवस हातातून जातो, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

## टप्पा १: थांब्याचे तास खरे मोजा

तिकिटावर १७ तास लिहिलेले असले तरी ते सगळे तुमचे नसतात. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यापासून इमिग्रेशन, बॅग आणि पैसे बदलणं यांत एक ते दीड तास जातो. तिथून नदीकाठच्या हॉटेलात पोचायला आणखी एक ते दीड तास. परतीला आंतरराष्ट्रीय विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर असायचं, म्हणजे हॉटेलातून साडेचार तास आधी निघायचं.

थोडक्यात, एकूण तासांतून साडेसात वजा करा. सकाळी ६ ला उतरून रात्री साडेअकराचं विमान असेल तर हॉटेलात हाताशी उरतात साधारण दहा तास. त्यातले तीन झोपेला आणि अंघोळीला, दोन खाण्याला. उरलेल्या पाचांत एक नदीफेरी आणि पोहणं किंवा मसाज, इतकंच आरामात बसतं.

एकूण थांबा दहा तासांपेक्षा कमी असेल तर नदीकाठचं हॉटेल घेऊच नका. विमानतळाजवळ खोली घ्या आणि झोपा.

तपासा: पुढचं विमान कोणत्या विमानतळावरून आहे? बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी (तिकिटावर बीकेके) आणि डॉन म्युआंग (डीएमके). स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन म्युआंगवरून सुटतात. दोन्ही कोड वेगळे असतील तर टप्पा ९ मधल्या परतीच्या वेळा पुन्हा मांडाव्या लागतील.

## टप्पा २: हॉटेल कोणत्या काठावर आहे ते आधी बघा

नुसतं 'रिव्हरसाइड' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. नदी शहरातून वळणं घेत जाते आणि काठावरची हॉटेलं एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब आहेत. थोड्या वेळासाठी सगळ्यात सोयीचा भाग म्हणजे साथोर्न धक्क्याच्या आसपासचा. बीटीएस म्हणजे उंचावरच्या मेट्रोचं साफान ताक्सिन स्टेशन इथेच आहे. रेल्वेतून उतरून बोटीत बसायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पूर्व काठ: शहराच्या बाजूचा. स्टेशन, दुकानं, खाण्याच्या जागा पायी गाठता येतात. शांग्री-ला हॉटेल तर धक्क्याला लागूनच आहे. इथल्या नदीकडच्या खोल्या पश्चिमेला तोंड करून असतात, त्यामुळे सूर्यास्त खोलीतून दिसतो. पण दुपारी तीननंतर काच तापते, तेव्हा झोपायचं असेल तर पडदा आधीच ओढून ठेवावा.

पश्चिम काठ: थोनबुरीची बाजू. जागा मोठ्या, बागा चांगल्या आणि रात्री समोर शहराचे दिवे दिसतात. बहुतेक मोठ्या हॉटेलांची स्वतःची बोट साथोर्न धक्क्यापर्यंत फुकट ने-आण करते. तोटा एकच: बोट बंद झाली की रस्त्याने वळसा पडतो. आयकॉनसियाम मॉलच्या जवळ राहत असाल तर गोल्ड लाइन ही छोटी मेट्रो चारोएन नाखोन स्टेशनवरून क्रुंग थोन बुरीला बीटीएसशी जोडते. रात्री किंवा वादळात ती कामी येते.

खोली निवडताना दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, पूर्ण नदीचं दृश्य. 'पार्शल' लिहिलेलं असेल तर बाल्कनीतून मान वळवून नदी बघावी लागते. दुसरी, वरचा मजला. इथल्या लांब शेपटीच्या होड्यांची इंजिनं उघडी असतात आणि आवाज फार मोठा. संध्याकाळी जेवणाच्या क्रूझवरचं संगीत वेगळंच. दहाव्या मजल्याच्या वर हे दोन्ही बरंच कमी होतं. दिवसा झोपणाऱ्याने खालचा मजला मुळीच घेऊ नये.

## टप्पा ३: बुकिंगची तारीख

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. मुंबईहून बँकॉकची बरीच विमानं रात्री निघतात. थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आणि प्रवास सव्वाचार-साडेचार तासांचा, त्यामुळे उतरता उतरता पहाट होते. चेक-इन मात्र दुपारी दोन किंवा तीनला.

समजा तुम्ही १२ तारखेच्या पहाटे उतरताय. हॉटेल १२ तारखेचं घेतलंत तर सकाळी साडेआठपासून दुपारपर्यंत लॉबीत बसावं लागेल. यावर तीन उपाय:

१. आदल्या रात्रीचं बुकिंग. म्हणजे ११ तारखेपासून खोली. महाग, पण खात्रीचा उपाय हाच. याबरोबर हॉटेलला ईमेल करा: '१२ तारखेला सकाळी साडेआठला पोचतोय, खोली राखून ठेवा.' असं कळवलं नाही तर रात्री कोणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं आणि पैसेही जातात.

२. पैसे भरून लवकर चेक-इन. आगाऊ लेखी होकार मिळाला तरच धरा. 'उपलब्धतेनुसार' या उत्तराचा अर्थ नकार असाच घ्यावा, विशेषतः शनिवारी-रविवारी.

३. बॅग ठेवून पोहण्याचा तलाव. खोली तयार नसताना तलाव आणि अंघोळीची सोय वापरू द्याल का, हे आधी विचारा. बरीच मोठी हॉटेलं हो म्हणतात. एकट्याने जाणाऱ्या तरुण माणसाला हा मार्ग छान. लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर पहिल्या उपायाचे पैसे वाचवू नयेत.

त्याच रात्री पुढे निघायचं असेल तर काही हॉटेलं फक्त दिवसापुरती खोलीही देतात. ती संकेतस्थळावर दिसतेच असं नाही, ईमेलने विचारावी.

सावध: नोव्हेंबरातल्या लॉय क्राथोंग सणाच्या रात्री (साधारण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास) नदीकाठ गर्दीने भरतो, हॉटेलांचे दर चढतात आणि बोटींच्या वेळा बदलतात. दिवे सोडलेली नदी बघायची असेल तर उत्तम रात्र, विश्रांतीसाठी वाईट. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना सोंगक्रान, म्हणजे पाणी उडवून साजरा होणारा थाई नववर्षाचा सण असतो. तेव्हा रस्त्यावर पाऊल टाकलं की भिजणार, हे गृहीत धरून कागदपत्रं प्लास्टिकमध्ये ठेवा.

## टप्पा ४: कागद आणि हातातली बॅग

प्रवेशाचे नियम. भारतीय पासपोर्टवर थायलंडमध्ये शिरण्याचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा, असं दोनदा थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. ओळखीच्या माणसाला मागच्या वर्षी काय लागलं यावर विसंबू नका.

डिजिटल आगमनपत्र. १ मे २०२५ पासून विमानतळाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला हे ऑनलाइन भरावं लागतं, थांबा काही तासांचा असला तरी. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येतं. पासपोर्ट, विमानाचा क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. क्यूआर कोड आला की त्याचं छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवा.

सावध: हे पत्र पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं शोधात वर येतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओ डॉट टीएच' असेल तरच ते थाई सरकारचं.

बॅग कुठपर्यंत जाणार? एकाच तिकिटावर चोवीस तासांच्या आतला थांबा असेल तर मोठी बॅग थेट शेवटच्या गावी जाऊ शकते. दोन वेगळी तिकिटं असतील तर बहुतेक वेळा ती बँकॉकलाच घ्यावी लागते. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. तिथे शेवटच्या गावाचा कोड असेल तर बॅग बँकॉकला मिळणार नाही, म्हणजे एका दिवसाचं सगळं हातातल्या बॅगेत हवं:

- पोहण्याचे नायलॉनचे कपडे. सुती टी-शर्ट किंवा बर्म्युडा घालून तलावात उतरू देत नाहीत, आणि घाईत हॉटेलच्या दुकानातून घेतलेला पोशाख महाग पडतो.
- एक पूर्ण जोड कपडे, त्यात पायघोळ पातळ पँट किंवा सलवार आणि खांदे झाकणारं काहीतरी. मंदिराच्या आवारात हे लागतंच.
- साध्या चपला. बोटीच्या फळ्या ओल्या असतात, गुळगुळीत तळव्याच्या नकोत.
- दोन दिवसांची औषधं, मूळ वेष्टनात.
- छोटी छत्री. मे ते ऑक्टोबर दुपारनंतर पाऊस कोसळतो, बाकीचे महिने ऊन.
- दोन बारीक पिनांचा चार्जर. तो तिथल्या प्लगमध्ये बसतो. आपली जाड तीन पिनांची पिन बसत नाही.

ई-सिगारेट घरीच ठेवा. थायलंडमध्ये तिच्यावर बंदी आहे आणि प्रवाशांवरही कारवाई होते. शहरात गांजा घातलेले खाऊचे पदार्थ दिसले तर हात लावू नका. पुढच्या देशात किंवा भारतात ते सापडणं हा गंभीर गुन्हा आहे.

## टप्पा ५: विमानतळ ते धक्का

बाहेर आल्यावर लगेच दिसणाऱ्या खिडकीवर पैसे बदलू नका. तळघरातल्या मजल्यावर, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनशेजारी पैसे बदलणारी दुकानं आहेत, तिथले दर बरेच चांगले असतात. एका दिवसासाठी माणशी दीड ते दोन हजार बाट रोख पुरतात. एटीएममधून काढलं तर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढू नका. वीस बाटच्या नोटा आणि सुटे मागून घ्या, बोटीवर आणि मेट्रोच्या यंत्रात लागतात.

रेल्वेने: रेल लिंक सुवर्णभूमीहून फाया थायपर्यंत, ४५ बाट, साधारण अर्धा तास. तिथे बीटीएस धरा, सियामला उतरून सिलोम लाइनची बांग वा दिशेची गाडी घ्या, आणि साफान ताक्सिनला उतरा. दोन क्रमांकाच्या दाराने बाहेर पडलात की समोर साथोर्न धक्का. माणशी शंभर बाटच्या आत काम होतं आणि वेळ ठरलेला. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात हाच मार्ग घ्यावा, कारण नदीकडे जाणारे चारोएन क्रुंग आणि साथोर्न हे रस्ते तेव्हा जागच्या जागी थांबलेले असतात.

टॅक्सीने: तिघे-चौघे असाल, मोठ्या बॅगा असतील किंवा वेळ आडनिडी असेल तर. पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घ्या, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो. भाडं मीटरने, वर विमानतळाचे ५० बाट आणि वाटेतले टोल तुमचे. चिठ्ठीचा प्रवाशाने ठेवायचा भाग चालकाला देऊ नका, तक्रार करायची वेळ आली तर तोच उपयोगी. रकमेवर घासाघीस सुरू झाली तर दुसरी चिठ्ठी काढा.

तपासा: हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत फोनमध्ये आहे का? हॉटेलच्या ईमेलमध्ये नसेल तर मागवून घ्या. इंग्रजी नावं चालकाला वाचता येतीलच असं नाही.

पश्चिम काठाच्या हॉटेलची बोट साथोर्न धक्क्यावरूनच सुटते. प्रत्येक बोटीवर हॉटेलचं नाव असतं. तिथे उभे असलेले एजंट तुम्हाला खाजगी होडीचे दोन हजार बाट सांगतील. हॉटेलच्या बोटीला पैसे लागत नाहीत, बुकिंगचा कागद दाखवा.

## टप्पा ६: पहिले तीन तास

या तीन तासांत बाहेर पडायचं नाही. याच टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. पोचल्या पोचल्या उत्साह असतो, बॅग टाकतात, बाहेर पडतात, आणि दुपारी दोनला उन्हात शीण अंगावर येतो.

काउंटरवर प्रत्येक मोठ्या माणसाचा पासपोर्ट लागतो. हॉटेल कार्डावर अनामत रक्कम रोखून धरतं. इथे क्रेडिट कार्ड द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे आठवडा-दोन आठवडे अडकतात आणि पुढच्या देशात हातात काही राहत नाही. त्याच वेळी विचारा: हॉटेलची पहिली बोट, शेवटची बोट, दोन फेऱ्यांतलं अंतर, आणि तलाव किती वाजता बंद होतो.

मग अंघोळ, हलकं खाणं, झोप. झोप दीड तासाच्या वर नको आणि दुपारी तीनच्या आत संपवा, नाहीतर रात्र जागत काढावी लागेल. नळाचं पाणी पिऊ नका. खोलीत रोज दोन बाटल्या फुकट असतात, मिनीबारमधल्या मात्र विकतच्या.

पोहायचं असेल तर नऊच्या आत किंवा चारनंतर. मधल्या वेळी तलावाच्या कडेची फरशी अनवाणी पायांना सोसत नाही.

मसाजची वेळ झोप झाल्यावर, नदीवर जाण्याआधी. जेवणानंतर दीड तास जाऊ द्या. पहिल्यांदा घेणाऱ्याने पूर्ण थाई मसाजपेक्षा तासभर पायांचा घ्यावा; पारंपरिक प्रकारात कोपर आणि गुडघ्याने जोर देतात, तो प्रवासाने आखडलेल्या पाठीला अनेकदा झेपत नाही. 'बाओ बाओ' म्हटलं की हात हलका होतो.

सावध: लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखत असली किंवा गरम लागली तर मसाज अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते. हॉटेलला सांगून डॉक्टर बोलवा.

## टप्पा ७: नदीवरची एक फेरी

वेळ: दुपारी पावणेचार. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या थोडा आधी, जून-जुलैत पावणेसातच्या सुमाराला होतो, त्याप्रमाणे अर्धा तास मागेपुढे करा. राजवाडा या फेरीत घेऊ नका. तो साडेतीनच्या सुमारास बंद होतो, उन्हात तीन तास खातो, आणि त्याला वेगळा दिवस द्यायला हवा.

१. साथोर्न धक्क्यावर या. बोटीच्या मागच्या बाजूला निशाण असतं, त्याचा रंग बघा. नारिंगी निशाणाची बोट रोज चालते, सगळ्या मुख्य धक्क्यांवर थांबते, आणि कुठेही उतरा, तिकीट १६ बाटच्या आसपास. निळं निशाण म्हणजे पर्यटकांची बोट: महाग, पण बसायला जागा आणि इंग्रजीत माहिती. पिवळं किंवा हिरवं-पिवळं निशाण कचेरीच्या वेळचं, ते मधले धक्के सोडतं. घाईत त्यात चढलात तर तुमचा धक्का मागे पडेल.

२. तिकीट धक्क्यावरच्या टेबलावर नाहीतर बोटीतल्या वाहकाकडून. हातातली पत्र्याची नळी वाजवत येतो, तोच वाहक.

३. चढणं-उतरणं मागच्या टोकाने. बोट काही सेकंदच टेकते, शिटी वाजली की सुटते. म्हणून आपला धक्का यायच्या एक धक्का आधीच उठून मागे जा. लहान मूल असेल तर एकाने आधी उतरून हात द्यायचा, दुसऱ्याने मूल पुढे करायचं. बॅग शेवटी.

४. वर जाताना उजवीकडे पूर्व काठ, डावीकडे वाट अरुण हे मंदिर. दुपारी ऊन बहुतेक डावीकडून येतं, म्हणून उजवीकडे बसा आणि वाट अरुण जवळ आलं की उभे राहा. भिक्खूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसू नका. बायकांनी भिक्खूंना चुकूनही स्पर्श होणार नाही असं उभं राहायचं.

५. फ्रा आथित धक्क्यावर उतरा, अर्धा-पाऊण तास लागतो. डाव्या हाताला दोन-तीन मिनिटांवर फ्रा सुमेन हा छोटा पांढरा किल्ला आणि नदीला लागून सांती चाय प्राकान उद्यान. संध्याकाळी इथे आसपासची माणसं हवा खायला येतात. समोर थाई राजा आठव्या रामाच्या नावाचा तारांचा पूल. तासभर बसायला नदीवर यापेक्षा चांगली फुकट जागा नाही.

६. साडेपाचच्या सुमाराला परतीची नारिंगी बोट धरा आणि था तियेन धक्क्यावर उतरा. सूर्य समोरच्या वाट अरुणच्या मागे जातो आणि अंधार पडला की मंदिरावर दिवे लागतात. पलीकडे जायचंच असेल तर आडवी होडी ५ बाटमध्ये नेते. वर चढायच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

सावध: नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर आटोपतात. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावर आधी वाचून घ्या. ती चुकली तरी अडत नाही: था तियेनहून दहा मिनिटं चालत सनाम चाय मेट्रो, तिथून ब्लू लाइनने सी लोम, आणि शेजारच्या साला डेंगहून बीटीएसने साफान ताक्सिन.

सावध: रस्त्यात कोणी छानसं बोलून 'आज मंदिर बंद आहे, माझ्या ओळखीचा टुकटुक (तिथली रिक्षा) दुसरीकडे नेईल' म्हणालं तर थांबू नका. तो टुकटुक शिंप्याच्या किंवा जवाहिऱ्याच्या दुकानात नेतो.

आकाश काळं झालं आणि वारा सुटला तर फेरी रद्द. पाऊस तासाभरात ओसरतो, पण तोवर बोटीच्या बाजूचे पडदे ओढलेले असतात आणि नदी दिसतच नाही. अशा दिवशी साथोर्न धक्क्यावरून आयकॉनसियामची मोफत बोट घ्या. तळमजल्यावर सुकसियाम नावाचा थाई खाण्याचा बाजार छताखाली आहे आणि नदीकडे मोठा सज्जा.

## टप्पा ८: शाकाहारी माणसाने काय मागायचं

'व्हेज' म्हटलं की थाळीत भाज्या येतात, पण त्या माशाच्या सॉसमध्ये परतलेल्या असतात. याला नाम प्ला म्हणतात आणि तो जवळजवळ सगळ्यात पडतो. हिरव्या-लाल करीच्या वाटणात कापी, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, त्यामुळे पनीरसारखा टोफू घातलेली करीही शाकाहारी असतेच असं नाही. पपईच्या सलाडमध्ये तर सुकी कोळंबी दिसतेच.

म्हणायचं ते असं: 'कीन जे', मी 'जे' खातो. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही, म्हणून जैन प्रवाशांना हा शब्द फार उपयोगी. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात हे लिहिलेलं दुकान दिसलं की निश्चिंत जावं. ऑक्टोबरच्या आसपास, बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राच्याच दिवसांत, नऊ दिवस शहरभर असे पिवळे झेंडे लागतात. तुमचा थांबा तेव्हा असेल तर खाण्याची चिंताच नाही.

कांदा-लसूण चालत असेल तर 'माय साय नाम प्ला' (माशाचा सॉस नको) हे वाक्य पाठ करा. मार्च ते जूनमध्ये आंब्याचा चिकट भात नक्की खा, नारळाच्या दुधातला असतो. ड्युरियन फळ खोलीत नेलंत तर वासासाठी दंड बसतो. मॅंगोस्टीनच्या सालीचे डाग चादरीवरून निघत नाहीत, म्हणून बऱ्याच हॉटेलांत तेही नको म्हणतात.

## टप्पा ९: रात्र आणि निघणं

त्याच रात्रीचं विमान असेल तर टप्पा ७ मधलं था तियेन सोडा. झोप झाली की दुपारी लवकर नारिंगी बोटीने छोटी फेरी मारून या, म्हणजे निघण्याआधी घाई होत नाही. साडेअकराच्या विमानासाठी संध्याकाळी सातच्या आत हॉटेल सोडायचं, आणि ही नेमकी कोंडीची वेळ. रेल्वेनेच जा.

रात्र हॉटेलात असेल तर जेवण आटपून साडेनऊला झोपा. पहाटे चारला उठायचं म्हणजे शरीराच्या घड्याळात अडीच वाजलेले असतात. रात्री जागायची हौस असेल आणि दुसऱ्या दिवशीचं विमान दुपारचं असेल, तरच पाक ख्लोंग तलाद या फुलबाजारात जा. घाऊक व्यवहार रात्री दहानंतर रंगतो, झेंडूच्या आणि मोगऱ्याच्या माळा डोळ्यांसमोर ओवल्या जातात, आणि सनाम चाय मेट्रो जवळ आहे. शेवटची मेट्रो साधारण मध्यरात्री, परत टॅक्सीने यायची तयारी ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री काउंटरवर हे करून घ्या:

- मिनीबारसह बिल तपासून अनामत सोडल्याची पावती मागा.
- सकाळी साडेसहाच्या आधी निघणार असाल आणि नाश्ता दरात धरलेला असेल तर तो डब्यात बांधून मागा. 'जे' हवं असेल तर तेव्हाच सांगा.
- टॅक्सी ठरवा. रेल लिंक सकाळी साडेपाचला सुरू होते, त्याआधी निघायचं असेल तर तिचा उपयोग नाही. पहाटे रस्ते मोकळे असतात, पाऊण तासात सुवर्णभूमी येतं.
- पश्चिम काठावर असाल तर हॉटेलची बोट त्या वेळी चालते का ते विचारा. बहुधा नाही. टॅक्सी हॉटेलच्या रस्त्याकडच्या दारात बोलवा.

डॉन म्युआंगहून विमान असेल तर परतीला आणखी एक तास जास्त धरा. सुवर्णभूमीवर बॅग ठेवून आला असाल तर दोन तास: आधी बॅग घ्यायची, मग दोन विमानतळांमधली मोफत बस. बसमध्ये चढताना पुढच्या विमानाचं तिकीट दाखवावं लागतं, ते फोनच्या पहिल्या पानावर काढून ठेवा.